आत काय वाजतं

दिवे घाटात दुसऱ्या गिअरला गाडीला धाप लागली,
म्हणून धानोरीला, जालिंदर खांदवेच्या गॅरेजात.
त्यानं गाडी वर घेतली, खाली शिरला,
पान्यानं डब्याला एक टिचकी मारली
आणि म्हणाला, "ऐका, मॅडम."
खुळ्. खुळ्.
"आतली जाळी फुटलीय. कॅट गेलं."

नवीन, कंपनीचं, एकेचाळीस हजार.
गाडी विकली तर येतील पंचावन्न,
हे त्यानं सांगितलं नाही, मीच मनात मांडलं.
"काढूनच टाकू. सरळ पाइप टाकतो, बाविसशे.
भंगारवाला वर पैसे देईल, आत प्लॅटिनम असतं.
नाहीतर असं करू,
डबा कापतो, आतलं सगळं झाडतो, परत वेल्ड.
बाहेरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.
पिकअप असा, की घाट सपाट वाटेल."

"आणि पीयूसी?"
तो हसला. मिसरूडही न फुटलेला इम्तियाज,
तोही हसला.

हसण्यासारखंच आहे.
मागच्या जुलैत पंपाशेजारच्या व्हॅनमधल्या माणसानं
माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला,
नळी हुकावरच लटकत होती,
आणि दशांशाच्या तीन घरांपर्यंत
माझ्या गाडीचा श्वास छापून आला.
मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.
तेव्हा काही वाटलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

मी मॅडम नव्हे.
कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट.
मुलं प्रॅक्टिकल उरकून कॅन्टीनला पळायची,
मी मागे राहून नळ्यांतलं काळं गाळून घ्यायची,
धुवायची, वाळवायची, तराजूत टाकायची.
मँगनीज डायऑक्साइड. पुढच्या बॅचला परत तेच.
सर फळ्यावर लिहीत,
उत्प्रेरक स्वतः बदलत नाही, खर्च होत नाही.
गाळणकागदाला दर खेपेला किती चिकटतं
ते फक्त मला ठाऊक.

सेन्सर काढलेल्या भोकातून इम्तियाजनं टॉर्च मारला.
चिनी मातीचं पोळं, राखाडी, बारीक बारीक घरं,
एका कोपऱ्यात ढासळलेलं.
सतरा वर्षं मी जाळलेलं सगळं यातूनच गेलं :
मंडईच्या फेऱ्या, सासवडची माणसं, कोर्टाच्या तारखा,
रात्री दोनला ससूनपर्यंत, आणि पहाटे एकटीनं परत.
विष आत गेलं, जरा कमी विष होऊन बाहेर पडलं,
आणि डबा कधी बोलला नाही.
बोलला तो फुटल्यावर.

"चालू करा जरा. रेस द्या."
इम्तियाज मागे उकिडवा बसला,
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून दाब बघत.
आरशात त्याचं तोंड, हातापासून वीतभर.
रंगहीन, गंधहीन,
जर्नलात मुलं एकमेकांचं बघून लिहायची.
मी किल्ली फिरवली.

"राहू दे."
"राहू दे म्हणजे? काढू का ठेवू?"
"ठेव. दिवाळीला आरडी पिकते."
जालिंदरनं चिंधीला हात पुसले, बराच वेळ.
"तोवर घाट नको मग."
"नको."
"तुमची गाडी," तो म्हणाला, आणि दोनशे घेतले.

यात काही मोठं केलं असं नाही.
फुटक्या जाळीतून काय गळतंय ते मला माहीत आहे,
आणि दिवाळीला अजून चार महिने आहेत.

विश्रांतवाडीचा सिग्नल, शंभर सेकंद.
मागे स्कूटर. बाईचे स्कार्फमधून फक्त डोळे,
आणि पुढ्यात उभी मुलगी, उघड्या तोंडाची,
हँडलवर हनुवटी टेकून
माझ्या डिकीवरचं धुळीतलं काहीतरी वाचत.
मी इंजिन बंद केलं.
बाविसावरच मागून हॉर्न सुरू झाले.
ऐकले. तीन उरेपर्यंत किल्लीला हात लावला नाही.
मग लावला.
खुळ्.